जुन्या दप्तरांचे शोधक : इतिहासाचार्य राजवाडे

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावी झाला. ते पदवीधर होते, पण नोकरीत रमले नाहीत. पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही व उरलेले आयुष्य जुन्या कागदांच्या मागे घालविले.

त्या काळी देशपांडे, कुळकर्णी, इनामदार अशा घराण्यांच्या माळ्यावर मोडी कागदांची रुमाले धूळ खात पडलेली असत. नव्या पिढीला मोडी वाचता येईना. काही कागद वाळवीने खाल्ले, काही रद्दीत गेले. जे उरले तेही मालक दाखवीत नसत, कारण कागद बाहेर गेला तर वतन जाईल ही धास्ती! राजवाडे गावोगाव पायपीट करीत, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून खात आणि अशा दारांत पुन्हा पुन्हा जाऊन उभे राहत. वाई येथे मिळालेल्या पत्रांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. १७६१ च्या पानिपतापूर्वीची पत्रे त्यात आहेत. पुढे या मालेचे एकंदर २२ खंड झाले.

काम किचकट होते. पुष्कळ पत्रांवर मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा लिहिलेला असे, साल नसे. मग मजकुरातील माणसे व प्रसंग यांवरून साल ठरवावे लागे. पण अशा कागदांत किती माणसे भेटतात! वतनाच्या तंट्याचा महजर घ्या. त्यात वादी घराण्याच्या पिढ्या येतात. खाली साक्षीला सुतार, कुंभार, महार यांची नावे, आणि सही येत नाही म्हणून पाटलाने काढलेला नांगर. बखरीत ज्यांना जागा नाही ती गावकरी मंडळी येथे हजर असतात. बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्या चाळलेल्या पाळकांना हा अनुभव नवा नाही.

एकट्याने हे आवरणारे नव्हते. म्हणून १९१० साली खंडेराव मेहेंदळे यांच्यासह राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. घरोघरचे कागद तेथे जमू लागले आणि हा संग्रह लाखांवर गेला. आपल्या घराण्याचा किंवा गावाचा मागोवा घेणारा माणूस आजही तेथे जातो. मात्र आधी मोडी शिकावी लागते, ही गोष्ट उत्साहाच्या भरात पुष्कळजण विसरतात.

राजवाडे स्वभावाने तापट व एककल्ली होते. शब्दांच्या व्युत्पत्तीत त्यांनी बांधलेले कित्येक तर्क पुढील अभ्यासकांनी टाकून दिले, आणि ब्राह्मणांविषयीचा त्यांचा अभिमान आज वाचताना खटकतो. परंतु भारतीय विवाहसंस्थेविषयी त्यांनी लिहिले तेव्हा सनातनी मंडळीच त्यांच्यावर तुटून पडली. जे आढळले ते मांडताना त्यांनी स्वकीयांची भीड धरली नाही, हे मला मोठे वाटते. १९२४ साली त्यांनी छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त उत्तर कोकणातील गावे व कुळे यांची हकीकत आहे.

स्वतः उभारलेल्या मंडळाशीही शेवटी त्यांचे पटले नाही. ते पुणे सोडून धुळ्यास गेले आणि तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. त्यांच्यामागे राहिलेल्या कागदांसाठी धुळेकरांनी पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले.