इतिहासाचार्य वि. का. राजवाडे : कागद वाचवणारा माणूस



ग्रीसचा हेरोडोटस सुमारे २४०० वर्षांपूर्वी देशोदेशी हिंडला. लोकांना विचारून त्याने इतिहास लिहिला, म्हणून त्याला इतिहासाचा जनक म्हणतात. असाच हिंडणारा एक माणूस आपल्याकडेही होऊन गेला. पण ऐकीव गोष्टींवर त्याचं समाधान होत नसे. त्याला अस्सल कागद हवा असे.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचं मूळ गाव रायगड जिल्ह्यातलं वरसई. शिक्षण बी. ए. पत्नी लवकर वारली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. स्वतःच्या हाताने रांधून खायचं आणि गावोगावच्या जुन्या वाड्यांतली दप्तरं धुंडाळायची, हाच त्यांचा संसार. कुठे कागदांना वाळवी लागलेली, कुठे घरचे लोक दप्तर दाखवायलाच तयार नसत. तरी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत. असे एकूण २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेही त्यांच्याच पुढाकाराने. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं.

आपल्या पंचवटीत तीर्थपुरोहितांनी यात्रेकरूंच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, म्हणून आजही लोकांना पणजोबांचं नाव सापडतं. तुमच्या घरातल्या जुन्या पेटीचं काय? रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा मुलांसोबत उघडून बघा. प्रत्येक कागदावरची तारीख, गाव आणि नाव मुलांना वहीत उतरवू द्या. इतिहासाचा याहून चांगला पाठ कोणता?