खडू, भिंत आणि दुकान : कीथ हॅरिंग

आपल्या मंडळाचं भित्तिपत्रक लावताना एक गोष्ट मला दरवेळी जाणवते. लेक्चरला निघालेला मुलगा त्या फळ्यासमोर फार तर दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात नजर खिळली तर ठीक, नाहीतर आमची आठवड्याची मेहनत वाया. या दहा सेकंदांवर ज्याने आपलं सगळं काम उभं केलं, अशा एका चित्रकाराची ही गोष्ट आहे.

कीथ हॅरिंगचा जन्म ४ मे १९५८ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. बालपण कुट्झटाऊन या लहानशा गावात गेलं. वडिलांना कार्टून काढायची हौस होती, त्यांच्याकडूनच त्याने रेघ उचलली. शाळा संपल्यावर १९७६ मध्ये तो पिट्सबर्गला जाहिरातकला शिकायला गेला. दोन सत्रांतच त्याच्या लक्षात आलं की हा धंदा आपला नव्हे, आणि त्याने ती शाळा सोडून दिली. गंमत अशी, की पुढे याच धंद्याची सगळी साधनं, म्हणजे पोस्टर, बिल्ला, टी-शर्ट, अगदी मनगटी घड्याळसुद्धा, त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९७८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये दाखल झाला. केनी शार्फ आणि बास्किया हे त्याचे तिथल्या दिवसांतले मित्र. त्या काळी शहराच्या भुयारी रेल्वेचे डबे पोरांनी स्प्रेने रंगवून टाकलेले असत. १९८० मध्ये एका स्टेशनवर कीथला जाहिरातीची एक रिकामी चौकट दिसली. जाहिरातीची मुदत संपली की तिच्यावर काळा कागद चिकटवत. आपल्या भाषेत सांगायचं तर आयता फळाच! तो वर रस्त्यावर गेला, पांढरा खडू विकत घेतला आणि खाली येऊन चित्र काढलं.

इथेच तो डिझायनर झाला, असं मला वाटतं. पोलीस कधी येतील याचा नेम नाही, म्हणून हात भरभर चालायला हवा. खोडाखोड करायला वेळ नाही, म्हणून रेघ पहिल्यांदाच बरोबर यायला हवी. समोर उभ्या माणसाची गाडी दोन मिनिटांत येणार, म्हणून चित्र बघताक्षणी कळायला हवं. या अडचणींतूनच त्याची चित्रलिपी घडली : अंगातून किरण फुटणारं रांगतं बाळ, भुंकणारा कुत्रा, उडती तबकडी, नाचणारी माणसं. एकेका दिवसात तो चाळीसपर्यंत चित्रं काढी. कितीतरी वेळा पकडला गेला, दंड भरला. बघायला थांबलेल्यांना तो त्या बाळाचे बिल्ले फुकट वाटायचा.

१९८२ मध्ये टोनी शाफ्राझीच्या गॅलरीत त्याचं प्रदर्शन भरलं आणि तो एकदम गाजला. त्याच वर्षी अण्वस्त्रांविरुद्धच्या मोर्चासाठी त्याने स्वतः २०,००० पोस्टरं छापून वाटली. पण नाव झालं तसं लोक स्टेशनवरची खडूचित्रं कागदासकट काढून नेऊन विकू लागले. सगळ्यांसाठी काढलेलं चित्र एकाच्या घरात जाऊ लागलं. १९८५ च्या सुमारास त्याने ते काम थांबवलं.

मग १९८६ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये 'पॉप शॉप' नावाचं दुकान उघडलं. ज्याला कॅनव्हास परवडत नाही, त्याने निदान टी-शर्ट किंवा बिल्ला तरी न्यावा, हा त्यामागचा विचार. कलेच्या जगातले बरेच जण म्हणाले, हा विकला गेला. त्याने घड्याळाच्या आणि दारूच्या कंपन्यांसाठीही चित्रं केली, हे खरंच आहे, आणि ते मला थोडं खटकतं. पण त्याच वर्षी त्याने हार्लेममधल्या एका भिंतीवर, परवानगी न घेता, क्रॅक या नशेविरुद्ध भलंमोठं चित्र काढलं. त्यासाठी त्याला पोलिसांनी धरलं. पुढे त्याच भिंतीवर पुन्हा चित्र काढायची मुभा त्याला मिळाली. मला तरी दुकानवाला कीथ आणि भिंतवाला कीथ वेगळे करता येत नाहीत.

१९८८ मध्ये त्याला एड्स झाल्याचं निदान झालं. तो समलिंगी होता, आणि त्या काळात या आजाराबद्दल लोक कुजबुजतच बोलत. कीथने ते लपवलं नाही. १९८९ च्या त्याच्या पोस्टरवर तीन आकृत्या आहेत : एकीने डोळे झाकलेत, एकीने कान, एकीने तोंड. आपल्याला गांधीजींची तीन माकडं आठवतात, पण इथे अर्थ उलटा आहे. न बघणं, न ऐकणं, न बोलणं यानेच माणसं मरतात, असं तो सांगत होता. त्याच वर्षी त्याने एड्सशी झुंजणाऱ्या संस्थांना आणि मुलांच्या उपक्रमांना मदत करण्यासाठी फाउंडेशन स्थापन केलं.

आणि त्याच वर्षी इटलीतल्या पिसा शहरात, सान्त'आंतोनियो चर्चच्या मठाच्या मागच्या भिंतीवर त्याने 'तुत्तोमोंदो' रंगवलं. तीस रंगीत आकृत्या, त्यांत दोन माणसांची मिळून झालेली एक कात्री, सापाला कापणारी. शेवटच्या दिवसांत त्याने ख्रिस्ताच्या जीवनावर वेदीसाठी तीन भागांचं शिल्प केलं. त्यात अनेक हातांच्या कुशीत एक बाळ आहे. त्याची एक प्रत आज पॅरिसच्या सेंत-युस्ताश या कॅथलिक चर्चमध्ये आहे. १६ फेब्रुवारी १९९० रोजी कीथ गेला. वय अवघं ३१.

मी कॅथलिक घरातला. पिशाच्या त्या भिंतीचा फोटो बघितला की एकच प्रश्न मनात येतो. असा आजारी मुलगा खडू घेऊन आमच्या पॅरिशच्या दारात आला असता, तर आम्ही त्याला भिंत दिली असती का? उत्तर लगेच 'हो' असं येत नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते. पुढच्या भित्तिपत्रकासाठी हा विषय मी मंडळात मांडणार आहे. रंग कमी, रेघ जाड, आणि बघणाऱ्यासाठी दहा सेकंद पुरेत असा.