तुळईचा हिशेब मांडणारे नाविए

संरचना अभियांत्रिकीचे एक आद्य प्रवर्तक क्लोद-लुई नाविए यांचा जन्म १० फेब्रुवारी १७८५ रोजी फ्रान्समधील दिजाँ येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने अभियंता असलेले आप्त एमिलां गोते यांनी त्यांचा सांभाळ केला.

भाराने वाकणाऱ्या तुळईत एका बाजूस ताण, तर दुसऱ्या बाजूस दाब निर्माण होतो. त्यांमधील उदासीन अक्षाविषयी गॅलिलिओपासून मतभेद होते. तो छेदाच्या गुरुत्वमध्यातून जातो, हे नाविए यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मांडले आणि नमन आघूर्णावरून अंतर्गत प्रतिबल काढण्याची रीत रूढ केली.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये सेन नदीवरील त्यांच्या झुलत्या पुलाच्या साखळ्या रोखणारे बांधकाम सरकले, त्यातच जलवाहिनी फुटली. पूल उतरवावा लागला, टीकाही झाली. २१ ऑगस्ट १८३६ रोजी नाविए निवर्तले. पूल राहिला नाही, मात्र त्यांची रीत आजही अभियंत्यांच्या हाती आहे.