लाग्रांज आणि गुरूचे सोबती



इंजिनियरिंग केलेल्या आमच्यासारख्यांना लाग्रांज हे नाव आठवतं ते परीक्षेच्या आदल्या रात्रीमुळे. सूत्र पाठ केलं, पेपर लिहिला आणि विसरून गेलो. पुढे ६ जानेवारी २०२४ ला इस्रोचं आदित्य यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या 'लाग्रांज बिंदू'पाशी पोचलं, तेव्हा हे नाव पुन्हा कानावर आलं. मग हा माणूस कोण, म्हणून आम्ही वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की हा तर आपल्यासारखाच परदेशी जाऊन राहिलेला माणूस!

जोसेफ लुई लाग्रांजचा जन्म २५ जानेवारी १७३६ चा, इटलीतल्या तुरीनचा. अकरा भावंडांत हा थोरला. त्यातली दोघंच मोठी होईपर्यंत जगली. वडील सरकारी नोकरीत चांगल्या हुद्द्यावर होते, पण सट्ट्यात पैसा घालवून बसले. आपण श्रीमंत असतो तर गणिताच्या वाटेला गेलोच नसतो, असं लाग्रांज पुढे सांगत असे. गणित तो बहुतेक स्वतःच शिकला आणि १९ व्या वर्षी तुरीनच्या तोफखाना शाळेत शिकवू लागला. त्याच वर्षी, १७५५ मध्ये, त्याने त्या काळचा सर्वात मोठा गणिती ऑयलर याला आपलं काम पत्राने कळवलं. ऑयलरने ते मनापासून वाखाणलं.

बर्लिनहून बोलावणं आलं, पण ऑयलर तिथे असताना आपण जाणं बरं नव्हे, म्हणून त्याने नाही म्हटलं. १७६६ मध्ये ऑयलर रशियाला गेले, तेव्हाच तिशीतल्या लाग्रांजने तुरीन सोडलं. परत राहायला म्हणून तो कधी गेला नाही. बर्लिनला वीस वर्षं झाली. नात्यातल्या व्हिक्टोरियाशी त्याचं लग्न झालं होतं. लांबलेल्या आजारपणानंतर १७८३ मध्ये ती गेली. १७८७ मध्ये त्याने बर्लिनही सोडलं आणि पॅरिस गाठलं.

बर्लिनमध्ये असतानाच, १७७२ मध्ये, त्याने तीन वस्तूंचं कोडं हाती घेतलं होतं. सूर्य, ग्रह आणि एक लहानसा दगड एकमेकांना ओढत असतील, तर दगडाला कायमची जागा मिळेल का? सूर्य-ग्रहाच्या सरळ रेषेवरचे तीन बिंदू ऑयलरनी आधीच दाखवले होते (आपलं आदित्य त्यांतल्याच एकाजवळ आहे). लाग्रांजने आणखी दोन दाखवले: ग्रहाच्याच कक्षेत, ग्रहाच्या ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे. सूर्य, ग्रह आणि दगड यांचा समभुज त्रिकोण होतो आणि तो त्रिकोण तसाच सूर्याभोवती फिरत राहतो. प्रत्यक्षात असं काही सापडेल असं मात्र त्याला वाटत नव्हतं. त्याच्या लेखी ही निव्वळ हौस होती.

पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये शत्रुराष्ट्रांत जन्मलेल्या परदेशी लोकांना अटक करून त्यांची मालमत्ता जप्त करायचा हुकूम निघाला. लाग्रांज त्यात सापडला असता! रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए मध्ये पडला, म्हणून त्याला सूट मिळाली. पण ८ मे १७९४ ला त्याच लाव्हाझिएला गिलोटिनवर चढवलं. वाचवणारा गेला आणि वाचलेला मागे राहिला. ज्याला आश्रय दिला त्या देशातच आपला मित्र असा जातो, हे दुःख घेऊन लाग्रांज पॅरिसमध्येच राहिला. मीटर-किलोग्रॅमच्या दशमान पद्धतीचं काम केलं, नव्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये मुलांना शिकवलं. नेपोलियनने त्याला सिनेटर केलं. १० एप्रिल १८१३ ला तो वारला आणि पाँतेऑनमध्ये त्याला पुरलं. इटली म्हणते आमचा, फ्रान्स म्हणतं आमचा!

त्यानंतर ९३ वर्षांनी, फेब्रुवारी १९०६ मध्ये, हायडेलबर्गच्या माक्स वोल्फला गुरूच्या कक्षेत, गुरूच्या पुढे चालणारा एक लघुग्रह दिसला. त्याचं नाव अकिलीस. हौसेचं गणित आकाशात खरं निघालं! आज असे दहा हजारांहून जास्त लघुग्रह माहीत आहेत. ट्रोजन युद्धावरून नावं देताना पुढचा गट ग्रीकांचा आणि मागचा ट्रॉयवाल्यांचा ठरला. पण हा नियम ठरायच्या आधीच नाव मिळालेला ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या छावणीत आहे आणि ग्रीक पॅट्रोक्लस ट्रॉयच्या. २०२१ मध्ये निघालेलं नासाचं लुसी यान या लघुग्रहांच्याच भेटीला चाललं आहे.

हेक्टर परक्यांच्या छावणीत असूनही आपलं नाव सांभाळून आहे, आणि कक्षाही चुकत नाही. आम्हाला तरी तो आपल्यातलाच वाटला. घरी मुलांना गुरू दाखवाल, तेव्हा न दिसणाऱ्या या सोबत्यांची आणि तुरीनच्या त्या मुलाचीही गोष्ट जरूर सांगा.