वि. स. खांडेकर

विष्णू सखाराम खांडेकर (जानेवारी १८९८ – २ सप्टेंबर १९७६) हे मराठीतील कादंबरीकार, कथाकार, लघुनिबंधकार, समीक्षक आणि पटकथालेखक होते. 'ययाती' या कादंबरीसाठी त्यांना १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले मराठी साहित्यिक होत. त्यांच्याइतका मोठा वाचकवर्ग लाभलेले लेखक मराठीत थोडेच झाले. मात्र त्यांच्या कादंबरीला श्रेष्ठ वाङ्मय म्हणावे की नाही, याविषयी समीक्षकांचे एकमत कधीच झाले नाही.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. विद्यार्थिदशेतच वडिलांचे छत्र हरपले. १९१३ साली मॅट्रिक झाल्यावर ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. १९१६ मध्ये सावंतवाडी परिसरातील नानेली येथील नात्यातले सखाराम खांडेकर यांना ते दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. दत्तक जाऊनही आर्थिक स्वास्थ्य लाभले नाही. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले आणि कोकणात यावे लागले.

शिरोड्याची वर्षे

१९२० साली ते वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा येथे ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे मुख्याध्यापक झाले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. मिठागरांच्या या गावात पदवी नसलेल्या तरुण शिक्षकाने अठरा वर्षे काढली आणि याच काळात मराठीतील एक नामवंत लेखक घडला. त्यांच्या लेखनाचे गुणदोष समजून घ्यायचे तर या अठरा वर्षांकडे पाहावे लागते.

शाळा नवी होती, साधने तुटपुंजी होती. आसपासच्या वाड्यांतून येणारी मुले शेतकऱ्यांची, मजुरांची, कष्टकऱ्यांची होती. दारिद्र्य, जातिभेद आणि स्त्रियांची कुचंबणा हे विषय त्यांना पुस्तकांतून शोधावे लागले नाहीत. १९३० साली शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा देशभर चाललेली चळवळ गावाच्या वेशीवर येऊन ठेपली. त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' प्रसिद्ध झाली. पाठोपाठ 'कांचनमृग' (१९३१), 'दोन ध्रुव' आणि 'उल्का' (दोन्ही १९३४) आल्या. सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकातून त्यांनी लघुनिबंध लिहिले. १९२९ साली त्यांचा विवाह झाला.

त्यांची भाषा श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि गडकरी यांच्या परंपरेतली. कोल्हटकरांना ते गुरुस्थानी मानत. कल्पनाविलास, उपमांची रेलचेल आणि विचार नेमक्या वाक्यात बांधण्याची हौस त्यांनी तेथूनच घेतली. या अलंकारांना शिक्षकाच्या जिव्हाळ्याची जोड मिळाली आणि एक वेगळीच शैली तयार झाली. वाचक तिच्यावर लुब्ध झाले. त्यांची वाक्ये वह्यांत उतरवून ठेवण्याची रीतच पडली. पुढे टीकाकारांनी नेमके याच वाक्यांवर बोट ठेवले, कारण कोणतेही पात्र बोलू लागले की लेखकच बोलतो आहे असे वाटे. हा आक्षेप निराधार नव्हता.

कोल्हापूर, चित्रपट आणि वाद

मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी 'छाया' (१९३६) या चित्रपटाची कथा लिहिली. १९३८ मध्ये शाळा सोडून ते कोल्हापुरास गेले. 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' हे त्यांच्या लेखणीतून उतरलेले आणखी काही चित्रपट. पुस्तके वाचण्याची संधी न मिळालेल्या माणसांपर्यंतही त्यांच्या कथा त्यामुळे पोहोचल्या.

त्या काळात ना. सी. फडके कोल्हापुरातच राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद या दोघांच्या नावांनी ओळखला जातो. फडके रचनाकौशल्याला आणि वाचकाच्या रंजनाला महत्त्व देत, तर खांडेकर साहित्याच्या सामाजिक बांधिलकीचा आग्रह धरत. गंमत अशी, की वाद घालणारे हे दोघेही त्या काळचे सर्वाधिक लोकप्रिय कादंबरीकार होते. लोकप्रियता हा दोष आहे असे दोघांपैकी एकालाही वाटत नव्हते. १९४१ साली सोलापूर येथे झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खांडेकरांकडे आले.

'क्रौंचवध' (१९४२) ही त्यांची या काळातील सर्वांत गाजलेली कादंबरी. क्रांतिकारक दिलीप, त्याच्यावर प्रेम करणारी पण डॉक्टरशी विवाह झालेली सुलू आणि तिचे संस्कृतज्ञ वडील दादासाहेब यांच्याभोवती ती गुंफलेली आहे. चले जाव चळवळीच्या वर्षी तरुण वाचकांनी ती का उचलून धरली असेल, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी निघालेल्या कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' या कवितासंग्रहामागेही खांडेकर होते. त्यांनी तो स्वखर्चाने प्रकाशित केला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. पुढे ज्ञानपीठ मिळवणारे दुसरे मराठी साहित्यिक कुसुमाग्रजच ठरले. खांडेकरांचे वाङ्मयीन भान केवळ भावुक होते असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेतलेली दिसत नाही. गडकऱ्यांवरील त्यांचा समीक्षाग्रंथ आणि खलील जिब्रान यांच्या लेखनाचा मराठीला त्यांनी करून दिलेला परिचय याच भानाची साक्ष देतात.

टीका

'क्रौंचवध'नंतर १९५४ साली 'अश्रू' येईपर्यंत त्यांची नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. या बारा वर्षांत मराठी साहित्याची अभिरुची पालटली. बा. सी. मर्ढेकरांची कविता व सौंदर्यविचार आणि गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर आदींची नवकथा यांनी नवे निकष आणले. त्या निकषांवर खांडेकरांचे ध्येयवादी नायक एकपदरी, निवेदन पाल्हाळिक आणि करुणा भाबडी ठरली. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आल्यावर तर फडके आणि खांडेकर या प्रतिस्पर्ध्यांना एकाच पंक्तीत बसवून बाजूला सारण्यात आले.

या टीकेने मराठी कादंबरीचे हितच केले. मात्र खांडेकर इतके का वाचले गेले, याचा विचार तिने फारसा केला नाही. नव्याने शिकलेल्या, घराबाहेरचे जग पुस्तकांतूनच पाहू शकणाऱ्या हजारो वाचकांना, विशेषतः स्त्रियांना, आपल्या अस्वस्थतेला शब्द देणारा लेखक हवा होता. महाराष्ट्राबाहेरही तेच घडले. का. श्री. श्री. यांनी केलेल्या तमिळ भाषांतरांमुळे आणि गोपाळराव विद्वांस यांच्या गुजराती भाषांतरांमुळे त्या भाषांतील वाचकांनी त्यांना आपलेच मानले. मराठी अलंकारांचा डौल भाषांतरात पूर्णपणे उतरणे अवघड. म्हणजे वाचक केवळ शब्दांच्या आतषबाजीला भुलले होते, हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

'ययाती'

१९५९ साली प्रसिद्ध झालेली 'ययाती' महाभारतातील उपाख्यानावर आधारलेली आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. निवेदन वाटून दिल्यामुळे लेखकाचा उपदेशक सूर बऱ्याच अंशी आवरला गेला. अहंकारी, दुखावलेली देवयानी तर त्यांच्या पूर्वीच्या कोणत्याही नायिकेपेक्षा जिवंत उतरली आहे. कच या पात्राच्या तोंडी मात्र जुने खांडेकर अधूनमधून डोकावतातच. तृप्त न होणारी भोगलालसा हा कादंबरीचा गाभा असून स्वातंत्र्योत्तर काळातील सुखलोलुप समाज लेखकाच्या डोळ्यांसमोर होता. १९६० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पात्रांनी स्वमुखाने कथा सांगण्याची अशीच रचना पुढे शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये दिसते.

अखेरची वर्षे

१९६७ मध्ये 'अमृतवेल' प्रसिद्ध झाली. १९६८ साली पद्मभूषण आणि १९७० साली साहित्य अकादमीचे सन्माननीय सदस्यत्व त्यांना मिळाले. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली आणि लेखन दुसऱ्याकडून उतरवून घ्यावे लागले. 'एका पानाची कहाणी' हे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ साली प्रकाशित झाले. १९९८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात आणि शिरोड्यात त्यांची स्मृतिसंग्रहालये आहेत. 'ययाती'च्या नव्या आवृत्त्या अजूनही निघतात.