स्वदेशी विमानाचे शिल्पकार डॉ. घाटगे

विमान आकाशात झेपावले की पाहणाऱ्याचे लक्ष त्याच्या पंखांकडे आणि इंजिनाकडे जाते. ते पंख धडाशी धरून ठेवणारे बोल्ट आणि पत्र्याला पत्रा जोडणारे हजारो रिव्हेट कोणाच्या खिजगणतीतही नसतात. आराखडा करणाऱ्या अभियंत्याला मात्र त्यांची चिंता अखेरपर्यंत सोडत नाही. स्वतंत्र भारतात ही चिंता सर्वप्रथम ज्यांनी वाहिली, ते डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी मातीतले होते.

कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू या गावी २४ ऑक्टोबर १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात गेले. वाहत्या हवेच्या शास्त्राचा पाया घालणारे लुडविग प्रांट्ल तेथे अध्यापन करीत होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अशी विद्या घेऊन ते परतले तेव्हा तिचा उपयोग करू शकेल असा एकही विमान कारखाना देशात नव्हता.

ही उणीव डिसेंबर १९४० मध्ये दूर झाली. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली आणि घाटगे तेथे दाखल झाले. महायुद्धाच्या त्या धामधुमीत त्यांनी एका ग्लायडरचा आराखडा तयार केला. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुराही त्यांच्याकडेच आली. कारखान्याला लागणारे अभियंते आता येथेच घडू लागले.

खरी कसोटी स्वातंत्र्यानंतर लागली. नवशिक्या वैमानिकांसाठी स्वदेशी बनावटीचे विमान तयार करण्याचे काम १९४८ मध्ये हाती घेण्यात आले. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-२’ हे एकामागे एक दोन आसनांचे, धातूचे विमान आकाराला आले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम आकाशात गेले. भारतीयांनी आखलेले आणि भारतातच बांधलेले हे पहिले इंजिनयुक्त विमान मानले जाते.

प्रशिक्षणाच्या विमानाचे आयुष्य खडतर असते. शिकाऊ वैमानिक ते दिवसातून अनेकदा उतरवतो आणि तेही बहुधा आदळतच. हवेतील कसरती सांध्यांना आळीपाळीने ताणतात आणि सैल सोडतात. एका हिसक्याने न तुटणारा धातू असे हजारो हिसके बसले की तुटू शकतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार. यालाच धातूचा थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता आउगुस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून तो मोजून दाखवला होता. पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी सहसा बाधत नाही. विमानाच्या ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते, त्यामुळे त्याचे आयुष्य मोजूनच द्यावे लागते. तडा बहुधा रिव्हेटच्या किंवा बोल्टच्या छिद्रापाशी सुरू होतो, कारण ताण तेथेच एकवटतो.

यावरचा एक उपाय साधा वाटावा असा आहे. बोल्ट आधीच पुरेसा आवळून ताणात ठेवला, तर उड्डाणातील चढउताराचा बराचसा भार आवळलेल्या भागांवर पडतो आणि बोल्टच्या वाट्याला थोडाच येतो. सायकलच्या चाकातील सैल तार घट्ट तारेपेक्षा लवकर तुटते, त्याचेही कारण हेच. पण हा ताण नेमका साधणे अवघड असते. पान्याने लावलेल्या जोरापैकी साधारण नऊ-दशांश भाग घर्षणातच जातो आणि जेमतेम एक-दशांश बोल्टला ताणतो. आटे कोरडे आहेत की तेलकट, एवढ्याने हिशेब बदलतो. कमी आवळलेला बोल्ट लवकर थकतो आणि अति आवळलेला बसवतानाच निकामी होऊ शकतो.

या दुर्लक्षित बाबीची किंमत जगाला १९५४ मध्ये कळली. ब्रिटनच्या ‘कॉमेट’ या जेट विमानांना त्या वर्षी जानेवारीत आणि एप्रिलमध्ये भूमध्य समुद्रावर अपघात झाले. जानेवारीतील विमानाच्या अवशेषांची आणि तशाच दुसऱ्या विमानाची पाण्याच्या टाकीत तपासणी झाली. केबिनच्या छिद्रांच्या व खिडक्यांच्या कोपऱ्यांशी धातू थकल्याचे तीतून उघड झाले. विमानउद्योगात अनेक दशकांचा अनुभव असलेल्या देशाची ही गत झाली, यावरून बंगळूरच्या नवख्या कारखान्याने केवढी जोखीम पत्करली होती याची कल्पना येते.

‘एचटी-२’ची दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यांवर गिरवले. घाना देशानेही ही विमाने घेतली. पाठोपाठ फ्लाइंग क्लबांसाठी ‘पुष्पक’ आले. १९६४ मध्ये घाटगे यांच्याच देखरेखीखाली आखलेले ‘किरण’ हे प्रशिक्षणाचे जेट विमान उडाले. १९६५ मध्ये सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

गडहिंग्लजच्या या सुपुत्राचे नाव वैमानिकी क्षेत्राबाहेर आज फारसे कोणाला ठाऊक नाही. मात्र पहिल्यांदाच एकट्याने विमान उडवणाऱ्या हजारो तरुणांनी आपला जीव त्यांच्या हिशेबावर सोपवला होता. त्या विश्वासामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता आणि तो बारीकसारीक सांध्यापर्यंत पोहोचलेला होता.