पालवणकर बाळू

शाळा सुटल्यावर आमच्या पटांगणांत फुटबॉलचा खेळ सुरू होतो, आणि कडेला दम खात बसलेल्या मुलांचें बोलणें पुष्कळदां आमच्या कानीं पडतें. परदेशांतील धंदेवाईक खेळाडूंस एका हंगामाला काय मिळतें, याचे आंकडे त्यांस इतिहासांतील सनांपेक्षां अधिक पाठ असतात. याच मुलांचे पालक भेटले म्हणजे, खेळानें कोणाचें पोट भरलें आहे काय, असें आम्हांस विचारतात. खेळावर पोट भरणाऱ्याच्या शरीरावर व मनावर काय बेततें, हें मात्र दोघांपैकीं कोणी सहसा विचारीत नाहीं. म्हणून यंदा आम्ही ज्या गृहस्थाची हकीकत सांगणार आहोंत, त्याचा खेळ फुटबॉल नसून क्रिकेट होता. पण कष्टांची जात तीच. त्याचें आडनांव आपल्या कोकणांतील पालवण या गांवावरून आलेलें आहे.

बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चांभार कुटुंबांत झाला. वडील लष्कराच्या नोकरींत होते, त्यामुळें बाळपण पुण्यास गेलें. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेलें खेळाचें सामान हीच बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम यांची पहिली सामग्री. घराला हातभार लावणें भाग पडल्यामुळें शाळा लवकर सुटली, आणि पारशी मंडळींच्या एका क्लबांत त्यांनीं चाकरी धरली. खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रूळ फिरवावा, मधूनमधून सभासदांस चेंडू टाकावे. या कामाला दरमहा ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पुणें येथील क्लबांत गेले. तेथें काम वाढलें. पगार ४ रुपये झाला.

जाळीं उभारणें, टेनिसच्या मैदानावर रेघा आंखणें, हीं कामें करतां करतां ट्रॉस नांवाच्या एका साहेबाच्या सांगण्यावरून ते जाळींत चेंडू टाकूं लागले. कॅप्टन बार्टन नांवाचा एक डावखुरा गोलंदाज तेथें खेळत असे. त्याची सहज व डौलदार चाल बाळूंनीं नुसत्या डोळ्यांनीं शिकून घेतली. ग्रेग हा त्या काळीं हिंदुस्थानांतील नांवाजलेला इंग्रज फलंदाज. इतर मंडळी येण्यापूर्वीं तासभर तो मैदानावर येई व बाळूंकडून चेंडू टाकवून घेई. आपणांस एकदां बाद केल्यास तो ८ आणे देत असे, असें सांगतात. रुपयाचे १६ आणे, हें धरून आमच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा: महिन्यांत आठ वेळां ग्रेगसाहेब बाद झाला, कीं पगाराइतकी कमाई!

वर्षानुवर्षें त्यांनीं त्या जाळींत चेंडू टाकले. फिरकीच्या गोलंदाजास धावण्याचे श्रम कमी, म्हणून पाहणारास तें काम सोपें वाटतें. परंतु चेंडूची शिवण बोटाची कातडी सोलते, आणि खांद्याचा सांधा एकाच रीतीनें हजारों वेळां फिरून झिजतो. सकाळीं रूळ ओढलेल्या हातांनींच हें करावयाचें. इतक्या वर्षांत त्या जाळींत बाळूंच्या हातीं बॅट मात्र कधीं देण्यांत आली नाहीं. बॅट धरणें हें साहेबांचें काम, चेंडू टाकणें हें चाकराचें.

पुण्याच्या हिंदू क्लबास युरोपियनांवर मात करावयाची होती, आणि त्यासाठीं लागणारा गोलंदाज तर चांभार! पुष्कळ वादानंतर त्यांस संघांत घेतलें. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहाच्या वेळीं सवर्ण खेळाडू आंत बसत आणि बाळूंस बाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. जेवण वेगळ्या जागीं, वेगळ्या ताटांत. तोंड धुवावयाचें झाल्यास पाणी घालण्यास अस्पृश्य नोकरच बोलवावा लागे. दिवसभर ज्यांच्यासाठीं खांदा झिजवावा, त्यांच्यापासून दहा पावलांवर एकट्यानें चहा प्यावा आणि पुन्हां आंत जाऊन त्यांच्याच विजयासाठीं मन एकाग्र करून चेंडू टाकावा, हें कसें साधत असेल? शरीराच्या श्रमांस रात्रीच्या झोपेचा उतारा असतो. या दुखण्यास तो नाहीं. शुभवर्तमानांत थंड पाण्याच्या एका पेल्याचें जें मोल सांगितलें आहे, तें वाचतांना आम्हांस हटकून त्या मातीच्या भांड्याची आठवण होते. आणि हें लिहितांना इतरांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हां ख्रिस्ती लोकांसही नाहीं, कारण या देशांतील कित्येक मंडळ्यांत जातिभेद प्रभूच्या मेजापर्यंत जाऊन बसला होता.

साताऱ्यास युरोपियनांविरुद्ध बाळूंनीं विजय मिळवून दिल्यावर झालेल्या सत्कारांत न्यायमूर्ति रानडे यांनीं, ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर जेवण्यास हरकत कोणती, अशा अर्थाचे बोल संघांतील मंडळींस सुनावले, अशी हकीकत आहे. लोकमान्य टिळकांनींही त्यांस हार घातला. पुढें प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले व बी. बी. सी. आय. रेल्वेंत नोकरी करून तिच्या संघांतून खेळूं लागले. हिंदू जिमखान्यांतही प्रवेशाच्या वेळीं कुरबूर झाली; पण १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळूंचे दोन्ही डावांत मिळून ८ बळी होते. त्या दिवसानंतर कुरबूर करणारांचे आवाज बरेच खालीं आले.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. स्वतः महाराज थोडेच सामने खेळले. बाळूंचें वय तेव्हां ३५. खांदा दुखत होता. खेळपट्ट्या अनोळखी. सामन्यामागून सामना हरत होता, तरी चेंडू पुन्हां त्यांच्याच हातांत येई. एकंदर दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले, व प्रत्येक बळीस सरासरीनें १९ धावांहूनही कमी दिल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत ८ बळी मिळाले. लेस्टरशायरवरील विजयही मुख्यतः त्यांच्या गोलंदाजीचा. याच दौऱ्यांत सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनीं शतक करून एका गड्यानें सामना जिंकून दिला. चाकर म्हणून बॅट नाकारलेल्या घरांतच हें शतक झालें, याचें आम्हांस विशेष वाटतें.

आतां कर्णधारपदाविषयीं. अनुभवानें व कर्तबगारीनें बाळू सर्वांत वडील. परंतु वर्षामागून वर्ष तें पद दुसऱ्याकडे गेलें. १९१३ सालीं कर्णधार पै यांनीं स्वतःच्या सत्कारसमारंभांतच, हा मान बाळूंचा होता, असें मोकळेपणानें कबूल केलें. असा सहकारी लाभणें हेंही भाग्यच म्हणावयाचें. १९२० सालीं पै आजारी पडले. तेव्हां बाळूंस नेमण्याऐवजीं निवड समितीनें त्यांस संघांतूनच वगळलें. बंधु विठ्ठल व शिवराम या अपमानाच्या निषेधार्थ संघाबाहेर पडले. लोकांत बराच गवगवा झाल्यावर पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यांत तिघेही परत आले आणि बाळूंस उपकर्णधार केलें. पै सामना चालू असतांना मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ ४४ वर्षांच्या बाळूंनीं संघ चालविला.

१९२३ सालीं विठ्ठल यांस हिंदू संघाचे कर्णधार करण्यांत आलें, व त्या वर्षीं हिंदू संघानें युरोपियनांवर विजय मिळविला. लोकांनीं विठ्ठल यांस खांद्यावर घेऊन मिरविलें. थोरल्या भावाच्या मनांत त्या वेळीं काय आलें असेल, याचा अंदाज ज्यानें त्यानें बांधावा. इंग्लंडविरुद्ध हिंदुस्थानचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ सालीं झाला, तोंवर बाळूंनीं वयाचीं ५६ वर्षें गांठलीं होतीं.

त्याच वर्षीं पुणें कराराखालीं बाळूंचीही सही पडली. १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळासाठीं काँग्रेसनें त्यांस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभें केलें. बाळूंस ११,२२५ मतें पडलीं, बाबासाहेबांस १३,२४५. एकाच अन्यायाचे चटके सोसलेल्या या दोन पुरुषांस समोरासमोर उभें राहावें लागलें, हें आम्हांस फार खेदाचें वाटतें. त्यांतील राजकारणाचा निवाडा मात्र आम्ही येथें करीत नाहीं.

ता. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस बाळू वारले. प्रथम दर्जाचे ३३ सामने व १७९ बळी त्यांच्या नांवावर नोंदलेले आहेत. हिंदू संघाच्या कर्णधारांच्या यादींत तें नांव नाहीं.